बुधवारी गेलेल्या बाया

ग्रामसभा मंगळवारी झाली. आमच्या वस्तीतल्या बाया बुधवारी गेल्या. नोटीसवर वार बरोबर होता, माझ्या व्हिडिओतही बरोबर होता, हे आधीच सांगून ठेवते, कारण लोक मलेच इचारतात.

माहेर माझं इंझोरीचं. बारावी झाली, लगन झालं, अनसिंगच्या अलीकडच्या ह्या गावात आले. आमची वस्ती नाल्याच्या ह्या बाजूनं. दोन वर्सांपासून मी मोबाइलवर व्हिडिओ टाकते, ग्रामसभा म्हणजे काय, ठराव कसा होते, मेंबरले काय इचारायचं. काय सांगू तुमाले, चुलीपाशी बसून केला तं खाली लिहितात, आधी भाकर थाप बाई. पदर घेतला तं अडाणी, नाही घेतला तं लय शिकलेली. आन सगळ्यात जास्त एकच, कोण लिहून देते तुले?

आमचे दीर, गजाननभाऊजी, त्याइचं अनसिंगले मोबाइलचं दुकान आहे. त्याइनंही चॅनल काढलं. एक दिवस म्हणे वहिनी, तुमचा कागद द्या न, मी वाचतो. दिला. तेच शब्द, फक्त दुकानातल्या खुर्चीवर बसून, गॉगल शर्टाले अडकवून. खाली सगळे लिहून राह्यले, भाऊ, अभ्यास जबरदस्त. तवापासून मी लिहून देते, ते वाचतात. मले वाटे, गोष्ट पोचली म्हणजे झालं. तिथंच चुकली मी.

यंदा अंगणवाडी नाल्यापलीकडं न्यायचं निघालं. पावसात नाल्याले पाणी येते, लहान लेकरं कसे जातीन? बायांची सभा आधी भरते, त्यात आमी ठराव केला, अंगणवाडी इथंच राहू द्या. मंग तो मोठ्या ग्रामसभेत ठेवा लागते, आन तिथं बाया हजर नसल्या तं त्याले कोणी हात लावत नाही. म्हणून भाऊजीले लिहून दिलं, मंगळवारी दहा वाजता सगळ्या या. दुकानात गिऱ्हाइक उभं होतं, घाईत ते बुधवार म्हणून गेले.

मी फोन केला. म्हणे वहिनी, आता चुकलो म्हणून सांगू का लोकाइले, इज्जत जाईन. मंग मी सोता व्हिडिओ टाकला, नोटीस हातात धरून, वारावर बोट ठेवून. खाली पहिलंच, ताई नीट वाचा, भाऊनं बुधवार सांगतलं. घरोघरी गेले. शेजारची शांताबाई म्हणे, एवढा बाजारात बसणारा माणूस, त्याले मालूम नसन का? सासूबाईसुद्धा म्हणे, गजा खोटं कायले बोलन?

मंगळवारी आमी चौघी होतो. ग्रामसेवक म्हणे, ठराव करणाऱ्या बाकीच्या बाया कुठी आहेत? मी म्हटलं, उद्या येतीन. सारे हासले. अंगणवाडी हलवायचं मंजूर झालं.

बुधवारी पंचायतीले कुलूप. शांताबाई परत आली, म्हणे, चुकले असतीन भाऊ, माणूसच आहे, पण तू जरा जोर देऊन सांगाले पाहिजे होतं पोरी. थकली मी. रागही येत नाही आता, भाजी निवडत बसले.

भाऊजीइनं तो व्हिडिओ काढून टाकला. पुढच्या विषयाचा कागद मागतलाय, मी अजून दिला नाही. काल अंगणवाडीच्या सतरंज्या आन वजनकाटा पलीकडं नेला. आज सकाळी वस्तीतले दोन लेकरं गेले. बाकीचे घरीच आहेत.