हारमेन सासऱ्यांचा व्हॉल्व्ह

…आणि वर मलाच विचारतात, अंगठा कशाला घातलास! अहो, भोकातून पाणी उडतंय, काळंकुट्ट, शाई ओतल्यासारखं, सासूबाईंच्या नव्या गालिच्यावर, तर माणूस घालणार काय? डोकं? मावलं असतं तर तेही घातलं असतं! नाहीतरी त्या दिवशी ते दुसऱ्या कशाच्या उपयोगाचं नव्हतंच!

तुम्हाला सांगतो, मी विम्यातला माणूस. पाण्यानं झालेली नासधूस, हाच माझा विभाग. भुतांवर माझा विश्वास नाही, कारण भुतांनी केलेल्या नुकसानीचा दावा आमच्याकडे मंजूरच होत नाही. पण डोकुम गावातल्या सासऱ्यांच्या त्या घरात, त्या मागच्या खोलीत… जाऊ दे, हसाल तुम्ही. हसा! तुमच्या घरात गारठून बसा आणि मग हसा!

माझे सासरे, हारमेन, गेल्या मार्चमध्ये गेले. गेले म्हणजे… तेच तर म्हणतोय मी, गेले कुठे? जन्मभर या माणसानं एकच उद्योग केला. घरातला कुठलाही रेडिएटर, म्हणजे भिंतीला लावलेला, गरम पाण्यानं खोली तापवणारा तो पत्रा, जरा कोमट झाला रे झाला, की हे चोरपावलांनी यायचे, वाकायचे, व्हॉल्व्हची टोपी करकचून बंद करायचे. आणि कुणी कुडकुडलं की एकच मंत्र, असा नाकातून… “स्वेटर घाल!” मी सित्स्केला मागणी घालायला गेलो तेव्हा बाहेर कालवा गोठलेला, आत माझे दात वाजतायत, मी म्हणतोय, “तुमच्या म-म-मुलीशी मला ल-ल-लग्न…” तर हे हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. “स्वेटर घाल!” मी तोच होकार समजलो!

तर ते गेले आणि आम्ही सासूबाईंकडे राहायला आलो. त्यांची खोली खाली, मागच्या बाजूला. आता म्हटलं, बंद करणारा कुणी नाही, ऊब येऊ दे! सकाळी मी व्हॉल्व्हची टोपी पाचावर, म्हणजे पुरती उघडी, ठेवायचो. संध्याकाळी हात लावावा… गार! थडग्याच्या दगडासारखा! आणि टोपी? पाचावरच! घरातले बाकीचे सगळे रेडिएटर तापलेले, हाच एक मेलेला. भिंतीतल्या नळीत आवाज… टक. टक टक. आणि व्हॉल्व्हखाली थेंब… टप्. सासूबाई शालीतून नाक बाहेर काढून शांतपणे म्हणायच्या, “आला होता.”

“कोण, आई?”

“कोण म्हणजे? बंद करून गेला बघ.”

माझ्या मानेवरचे केस असे उभे! आणि तुम्हाला सांगतो, त्या खोलीत स्वेटर न घालता पाऊल टाकायची माझी हिंमत होईना. न जाणो, कुणीतरी नाकातून बोललं तर?

पण डॉक्टरीणबाई आल्या, छातीला नळी लावली, मला बाहेर घेऊन म्हणाल्या, “कफ भरलाय. ही खोली अशीच गार राहिली तर यांचा हिवाळा निघणार नाही.” संपलं! भूत असो की गंज, व्हॉल्व्ह दुरुस्त करणं आलं.

सित्स्के मुलांना पोहायला शिकवते. शनिवारी दुपारी निघताना मला बजावलं, “वीबे, आधी सगळ्या नळ्यांतलं पाणी उपस. पाइप लाव आणि बागेत सोड. मग काय ते कर.” बायको सांगते म्हणजे बरोबरच सांगते हो, पण नवरा ऐकतो का? “अगं, एवढासा तर नट! त्यासाठी अख्ख्या घराचं पाणी सोडू?” बॉयलर तेवढा बंद केला. पाना घेतला. टोपी काढली. आत काय? काडीच्या टोकाएवढी पिन, आत जाऊन रुतून बसलेली! पिन आत, की गरम पाणी बंद. हा माझा सासरा! एवढा बारीक! मी पकडीनं हळूच बाहेर ओढली, आणि अहाहा, काय तो आनंद! गेलं भूत! आता राहिला तो थेंब. नट जरा आवळला. थांबला. माणसानं तिथेच थांबावं की नाही? पण नाही, म्हटलं, अजून एकच वेढा…

कट्!

नट तुटला! पितळ ते, किती सोसणार? पाण्याची चिळकांडी थेट माझ्या डोळ्यात! पाना शोधायला हात लांब केला तर पाना कुठे, मी कुठे! घातला अंगठा. वरच्या मजल्याचं सगळं पाणी आता त्या एका भोकाकडे डोळे लावून बसलेलं, आणि मध्ये मी. गुडघ्यावर, चिंब, नाक रेडिएटरला टेकलेलं.

सासूबाई खुर्चीतून वाकल्या. इतक्या मायेनं विचारलं, “लागलं का रे?”

म्हटलं, “नाही आई, अंगठा जरा…”

“तुला नाही विचारलं.”

रेडिएटरला! रेडिएटरला विचारत होत्या हो!

फोन खिडकीत. त्यांनीच लावला, माझ्या कानाशी धरला. पलीकडून बायको, “अंगठा काढू नकोस! प्लंबरला घेऊन येते!” आणि मग आम्ही दोघं. दोघं म्हणजे… टक. टक टक.

बॉयलर बंद होता! मी स्वतः बंद केला होता! मग वाजवत कोण होतं?

सासूबाईंनी खुर्ची पुढे ओढली, अगदी रेडिएटरला गुडघे लागेपर्यंत. “बरा सापडलास,” म्हणाल्या. “आता पळता येत नाही ना? मग ऐक. सित्स्के झाली तेव्हा सुईण म्हणाली, बाळ निळं पडतंय, खोली तापवा. काय म्हणालास तू तिला? स्वेटर घाल! अरे, सुईणीला! आणि गाव म्हणतं मी देवभोळी. रविवारी दोन-दोनदा चर्चला जाते म्हणून पाद्रीबाबा माझं कौतुक करायचे. कसली देवभोळी! आमच्या बाकाखालून गरम नळी जायची, हारमेन! मी पायांसाठी जात होते!”

मला हसू येतंय, पण हसलो तर अंगठा हलतो! तुम्हाला सांगतो, अंगठा बधिर, गुडघे बधिर, आणि सासू-सासऱ्यांचं भांडण चाललंय आणि मी मध्ये बूच!

मग त्या एकदम हळू आवाजात बोलायला लागल्या. माझ्याशी की त्याच्याशी, कळेना.

“शेवटच्या दिवशी हॉस्पिटलात त्यानं माझा हात धरला. जन्मात पहिल्यांदा म्हणाला, आउक्ये, थंडी वाजते गं. आणि मी… माझ्या तोंडून कसं निघून गेलं… मी म्हटलं, स्वेटर घाल.”

टप्. कुठूनतरी थेंब पडला. माझ्या अंगठ्याखालून नव्हता.

“त्यावर तो हसला. नाहीतर खोकला. मला अजून कळलेलं नाही. हसला असेल तर बरं. पण खोकला असेल तर, वीबे… मग तो रागावून गेला ना? म्हणून तर येऊन बंद करतो.”

पिन दाखवू? गंज दाखवू? तिथे माझ्या नाकासमोर सगळं कारण पडलेलं होतं, आणि ते काही कामाचं नव्हतं.

म्हटलं, “हसले, आई. हसलेच.”

टक.

“तू कुठे होतास तिथे?” म्हणाल्या. पण शाल खाली घसरली होती ती वर ओढली नाही.

सित्स्के आली, प्लंबर आला, त्यानं पाइप लावून बागेत पाणी सोडलं (सोडलंच! बायको माझ्याकडे बघत उभी!), नवा व्हॉल्व्ह बसवला, नळीतली हवा काढली, माझा अंगठा सुरकुतलेल्या मनुक्यासारखा झालेला, तो पाहून गडी अर्धा तास हसत होता. आणि खोली तापली! खरंच तापली! सासूबाई बाह्या सरसावून बसल्या, कफ सुटला, डॉक्टरीणबाई खूश. ना थेंब, ना टकटक. सगळं गप्प.

आणि सासूबाईही गप्प. ऊन-ऊन खोलीत बसून नळीकडे कान लावायच्या. सूप पुढे ठेवलं तरी लक्ष नाही. मला वाटलं, कफातून वाचली ती आता शांततेनं जाते!

मग एका दुपारी आतून खणखणीत हाक. “हारमेन! पाय पुसून ये!”

दारात मी उभा. चिखलाचे बूट. सित्स्के घाबरून म्हणाली, “आई, अगं हा वीबे!”

“दिसतंय मला. आंधळी नाही झाले. पण तुम्ही त्याला बंद केलंत, आता मी भांडू कुणाशी? कुणीतरी ओ द्यायला नको?”

तेव्हापासून मी ओ देतो. काय करणार? म्हातारी आहे, जेवतेय, भांडतेय, जगतेय. फक्त एकदा पहिल्याच हाकेला “ओ” म्हणालो तर अशी भडकली! म्हणाली, हारमेननं जन्मात पहिल्या हाकेला ओ दिली नव्हती. म्हणून तुम्हाला सांगतो, हल्ली ती हाक मारते, मला स्वच्छ ऐकू येतं… आणि मी तसाच बसून राहतो, दुसरीची वाट बघत.