निवृत्ती पहिलवानाची सही

नाही हो, बसत नाही मी, उभाच बरा! बसलो का समोर शकूरचं दुकान दिसते, अन् दुकान दिसलं का मले उठाच लागते... सोनाळ्यात बाजाराले जायचे रस्ते दोन, अन् दोन्हीवरून ते दुकान दिसते, तं माणसानं जावं कुठी? अन् तुमाले सांगतो, चूक माह्यीच. मले कोणं सांगतलं होतं?

मी उत्तमराव दस्तनवीस. कचेरीसमोर लिंबाखाली चटई टाकून खरेदीखतं लिहितो, दत्तकपत्रं लिहितो, भावाभावायच्या वाटण्या लिहितो, वीस वर्षं झाले. सही पाहून उत्तमराव माणूस सांगते, असं लोक म्हणतात... लोक म्हणतात हो, मी नाही! बरं, मीबी म्हणतो. कागद उन्हात धराचा, उलटा कराचा, शाई हुंगाची, मंग डोळे मिटाचे. डोळे मिटल्याशिवाय लोकायले विद्या वाटतच नाही ना!

तं झालं काय, शिगारेटच्या पाकिटात पहिलवानायच्या चित्राचे कार्डं निघतात ना? तसं एक कार्ड शकूरजवळ. शकूर म्हणजे रजया भरणारा, माह्या लहानपणचा दोस्त. कार्डावर निवृत्ती पहिलवान मिशा पिळून उभा, अन् त्याच्या पोटावर शाईनं सही! शेगावच्या ठेसनावर खुद्द पहिलवानानं करून देल्ली म्हणे. शकूर ते कार्ड कापसात गुंडाळून ठेवे. त्याची बायको अमीना तं म्हणे, "भाऊजी, निकाहाचा कागद कुठी हाय हे याले याद नाही, पण कार्डाले रोज हवा दाखवते!"

अन् तेच चित्र, तीच मिशी, सहीसकट, भगवानराव पाटलाजवळ! पण सह्या दोन तऱ्हेच्या. अन् नेमका त्याच साली पहिलवान आमच्या कुस्त्यायच्या दंगलीले यायचा होता, म्हणून तालमीतल्या लोकायनं ठरवलं, मारुतीच्या तसबिरीखाली एक कार्ड लावू, कार्डवाल्याचं नाव खाली लिहू. पण लावाचं तं खरं लावा! खरं कोणतं? अरे बाप्पा, माणूस सोता येऊन राह्यला पंधरा दिवसानं, त्यालेच विचारा ना! तं म्हणे, "पाहुण्याले असं विचारणं बरं दिसते का? बोलवा उत्तमरावले!" अन् मी गेलो. धोतर झटकून, टोपी सरळ करून गेलो... मले कोणं सांगतलं होतं?

पाटलाचं कार्ड पाह्यलं. वा! गोल गोल अक्षर, वेलांटी अशी झोकात! मंग शकूरचं पाह्यलं. पह्यलंच अक्षर आडवं, दुसरं लंगडं, रेघ तं पावसातल्या गाडरस्त्यासारखी. म्या उन्हात धरलं, हुंगलं, डोळे मिटले... अन् म्हटलं, "जिथी हात कापला, तिथी चोर बसेल असते!" टाळ्या, हो! पाटील तं मांडीवर थाप मारून राह्यला, "याले म्हणते पारख!"

शकूर म्हणे, "उत्तम, अल्लाकसम, गाडी सुटेपर्यंत लिहून राह्यला होता बे तो." म्या म्हटलं, "गाडी सुटेपर्यंत? एवढ्या टाइमात मी वाटणीपत्र लिहितो!" सारे हासले. अन् कोणीतरी म्हणे, "लेखी द्या." झालं! मी कार्ड उलटलं, पाठीवर लिहिलं 'बनावट', अन् सवय ना मेली, खाली 'दस्तुर खुद्द उत्तमराव', तारखेसकट. शकूरनं कार्ड कापसात गुंडाळलं, गेला. शिव्या देल्ल्या असत्या तं बरं झालं असतं! पंधरा दिवस मी त्याच्या दुकानासमोरून खोकलत गेलो, खाकरत गेलो, एकदा तं मुद्दाम ठेचाळलो... लेकाचा कापूसच पिंजून राह्यला.

मंग दंगल आली. निवृत्ती पहिलवान तालमीत शिरला, दारात वाकून. मारुतीले हात जोडले, अन् तसबिरीखालचं पाटलाचं कार्ड पाहून हासला. "हे तं आमच्या वस्तादायचं अक्षर! माह्या साऱ्या सह्या वस्तादच करतात. मले कुठी लिव्हाले येत होतं भाऊ?" पाटलाचं तोंड, सांगतो तुमाले, पाह्यासारखं होतं! पण मी नाही पाह्यलं, मले माह्यंच सुचत नव्हतं. कारण पहिलवान पुढं म्हणे, "एक सही केली होती सोताच्या हातानं. शेगावले. लय थंडी होती, एका रजईवाल्यानं आपली रजई पांघरून देल्ली. वस्ताद चहाले गेलते, अन् मी नुकताच नाव गिरवाले शिकलो होतो. कुस्तीत फुटत नाही एवढा घाम फुटला हो!"

आता सांगा! रोज माह्या चटईवर काश्तकार बसतात, जीभ दातात धरून आयुष्यात पह्यल्यांदा सोताचं नाव लिहितात, हात लटलट कापतात त्यायचे. अन् मीच म्हणतो, "घाबरू नका बाबा, होते, होते." वीस वर्षं पाहून राह्यलो खरी सही कशी कापते ते! अन् दोस्ताच्या कार्डावर मलेच दिसू नये? शरम वाटली, खोटं कायले सांगू.

पळत गेलो. म्हटलं, "शकूर, आण ते कार्ड, खोडून देतो, खाली लिहून देतो का मी चुकलो." तो वर न पाह्यता म्हणे, "खोडेल कागद कचेरीत चालते का उत्तम? तूच तं सांगत असते लोकायले." तालमीवाले हात जोडून आले, पाटील सोता आला, पण शकूरनं कार्ड कोणालेच देल्लं नाही. मले कोणं सांगतलं होतं हो!

अन् आठव्या दिवशी पाह्यतो तं, कार्डाले काच लावून दुकानात टांगेल! पण कसं? पहिलवान भिताडाकडं, अन् पाठ बाहेर! बाजाराचे लोक, संग्रामपूरचे, पार कुठचे कुठचे, थांबून वाचतात... 'बनावट, दस्तुर खुद्द उत्तमराव'. विचारतात, "शकूरभाई, पहिलवानाची सही कुठी हाय?" तं हा शांतपणे म्हणते, "मागं हाय. ते खरी का खोटी, मोठे मोठे लोक भांडले त्याच्यावरून. हे समोरची मातर अस्सल हाय, हिच्यावर सोनाळ्यात कोणाचाच वाद नाही."

अन् खरं हाय ना बाप्पा... वाद घालू तरी कसा? सही माह्यीच हाय.