तानबाच्या मोटारीतला एक्सल

पोलीस ठाणे हिंगणघाट, जिल्हा वर्धा. तारीख १६ एप्रिल १९५३, सकाळ.

माझे नाव रुखमाबाई बेवा पुनाजी झाडे. जमादारांनी आधी जौजे, म्हणजे बायको, लिहिले होते, मग खोडून बेवा, म्हणजे विधवा, केले. वय अंदाजे अठ्ठावीस, धंदा जिनात सरकी काढायच्या रेच्यावर मजुरी, राहणार हिंगणघाट.

मी आपल्या पायांनी ठाण्यात येऊन सांगते की, मला कोणी बोलावलेले नाही. माझे यजमान पुनाजी सोमवारी वर्धा रस्त्यावर मोटार उलटून वारले. त्यांची तेरवी व्हायची आहे आणि तोवर बाईने उंबरा ओलांडू नये, हे मला कळते. पण ज्या एक्सलने ते गेले, त्याचा जोडीचा एक्सल तानबा उईके चालवतो त्या मोटारीत बसवलेला आहे. ती मोटार आज सिंदीच्या बाजाराला माणसे घेऊन जाणार आहे. ती अडवावी, एवढेच माझे मागणे आहे. हे मी आल्या आल्या सांगितले. ठाणेदार साहेब म्हणाले, जबाब झाल्याशिवाय कोणाची मोटार अडवता येत नाही, सगळे पहिल्यापासून सांगा. असे म्हणून ते कचेरीच्या कामाला निघून गेले. म्हणून मी जमादारांसमोर पहिल्यापासून सांगते.

दोन्ही मोटारी रूपराव देशकर यांच्या आहेत. एक माझे यजमान चालवत, दुसरी तानबा. रूपरावजींचा मूळ धंदा बंड्यांचा, म्हणजे बैलगाड्यांचा. त्यांच्या बंड्या जिनात कापूस आणत, मोटारी त्यांनी लढाईनंतर घेतल्या आणि त्याही जुन्याच. त्यांचे सामान आता मिळत नाही. मागच्या महिन्यात यजमानांच्या मोटारीचा मागचा एक्सल तुटला. एक्सल म्हणजे चाक फिरवणारा लोखंडी दांडा. तानबाच्या मोटारीचाही झिजला होता. रूपरावजींनी नागपूरच्या भंगारातून दोन एक्सल आणले. ते त्याच कंपनीच्या पण पुढच्या सालच्या मोटारीचे होते. तानबाने आपला एक तसाच चढवला, मोजमाप काही केले नाही. लांबी सारखी दिसली, त्याला तेवढे पुरले.

यजमानांची मोटार आमच्या अंगणात उभी होती. त्यांनी तुटका आणि नवा असे दोन्ही दांडे ओट्यावर शेजारी ठेवून पाहिले. लांबी बरोबर होती, आतल्या टोकाचे दातेही बरोबर होते. बाहेरच्या टोकाला जिथे चाक बसते तिथे दांडा निमुळता होत जातो. तो उतार त्यांना वेगळा वाटला. डोळ्याला मला काही फरक दिसला नाही. ते म्हणाले, सखूच्या काजळाची डबी आण. सखू आमची मुलगी आहे, दोन वर्षांची. त्यांनी बोटाने उतारावर काजळ फासले, त्यावर चाकाचा तुंबा, म्हणजे मधला भोकाचा भाग, दाबून बसवला, थोडा फिरवला आणि परत काढला. मी बाजूलाच उभी होते. दांडा नीट बसला असता तर काजळ आत सगळीकडे लागले असते. ते फक्त तोंडाशी लागले होते, बांगडीसारखे. आतले लोखंड कोरडेच होते. काजळाची डबी त्यांनी रिकामी केली म्हणून मी त्यांना बोलले, तेही मला आठवते.

त्या वेळी रूपरावजी अंगणात आले. यजमानांनी त्यांना तुंबा दाखवला आणि म्हणाले, "हा बसत नाई, मालक. तोंडाशीच अडकून राह्यला. अंदर सारा मोकळा हाय."

रूपरावजी हसले. म्हणाले, "अरे, बंडीच्या आसाले खेळ लागतेच ना. खेळ नसला तं चाक फिरन कसं? वंगण घाल अन् चाल."

यजमान म्हणाले, "बंडी बैल ओढते, मालक. इथं हा दांडाच चाकाले फिरवते. यानं चाकाले घट्ट धरलं पायजे." तानबाच्या मोटारीतलाही काढावा लागेल, असे त्यांनी त्याच वेळी सांगितले. रूपरावजी म्हणाले, तानबाची तर रोज चालून राहिली, त्याला काय झाले? लग्नसराई आहे, लोक उभे आहेत, मोटार अंगणात ठेवून पूजा करायची आहे काय? रूपरावजी तेव्हा खोटे बोलत होते, असे मी म्हणत नाही. जन्मभर बंड्यांत गेलेल्या माणसाला तसेच वाटणार. खोटे ते सोमवारनंतर बोलू लागले.

यजमानांनी मग डब्याचा पत्रा कापून त्या उतारावर गुंडाळला आणि वरून नट आवळला. मी विचारले, आता बसला का? ते म्हणाले, हळू नेतो. मी विचारले होते बसला का, आणि त्यांनी सांगितले हळू नेतो. माझा यजमानांवर राग आहे, तो लिहून घ्यावा. जमादार म्हणाले, रागाचा जबाबाशी संबंध नाही. संबंध आहे. त्यांनी नेत नाही म्हटले असते तर मालकाने फार तर शिव्या दिल्या असत्या, दुसरा ड्रायव्हर पाहिला असता. मी रेच्यावर जाते, आम्ही उपाशी मेलो नसतो. पण त्यांना मालकाची भीड. भीड भिकेची बहीण म्हणतात, आमच्या घरी तिने त्याहून जास्त नेले.

मोटार पाच दिवस चालली. सोमवारी नाल्याच्या उतारावर चाक दांड्याच्या तुटक्या टोकासकट बाहेर आले आणि शेतात जाऊन पडले. मोटार दोन कोलांट्या खाऊन नाल्यात गेली. माझे यजमान जागीच गेले. मागे बसलेल्या शकुबाई नावाच्या म्हातारबाई लेकीच्या बाळंतपणाला निघाल्या होत्या, त्या दवाखान्यात वारल्या. त्यांच्या लेकीला अजून सांगितलेले नाही, असे ऐकते. यजमानांना मी ओळखले ते पायांवरून. तोंड कोणी पाहू दिले नाही.

रूपरावजींनी ठाण्यात लिहून दिले आहे की, एक्सल चांगला होता, पुनाजी मोटार भरधाव नेत होता. हे जमादारांनीच मला आज सांगितले. मेलेल्यावर आळ घातला की उलट उत्तर येत नाही. मी सांगते की यजमान त्या पाच दिवसांत बैलगाडीला वाट देत हळू जात होते. स्टँडवरचे लोक त्यांना त्यावरून चिडवत, कोणालाही विचारावे.

तानबा मातीला आला होता. खांदाही त्याने दिला. मी त्याला तिथेच सांगितले की, भाऊ, तुझ्या मोटारीत त्याच जोडीचा आहे, काढून टाक. तो रडत होता. म्हणाला, "वयनी, माह्या मोटारीचा आवाज येत नाई. अन् मालक म्हणते पुनाजीनं जोरात नेली. मी काय म्हणू सांगा?" मी म्हटले, आवाज यांच्याही मोटारीचा येत नव्हता. त्याच्यावरही भीड बसली आहे, हे मला दिसले.

काल मी घरात सांगितले की मी ठाण्यात जाते. दीर म्हणाले, लोक तोंडात शेण घालतील. माझी सासू धुरपताबाई तीन दिवस कोणाशी बोलली नव्हती. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती, तशीच म्हणाली, "जाय तू. सुतक मी पाळीन. तानबालेई माय हाय." म्हणून मी आले. लोकांना जे म्हणायचे ते म्हणोत.

मला कोणी शिकवून पाठवलेले नाही. रूपरावजींकडून मला काही नको. यजमानांचे नाव कागदावर धुतले जावे असे वाटते, पण ते आज नाही झाले तरी चालेल. मोटार आज थांबली पाहिजे.

जमादार हा मजकूर वाचून दाखवत असताना बाहेर भोंगा वाजला. मी खिडकीतून पाहिले. तानबाची मोटार होती. माणसे दाटून बसली होती, पुढे तानबाच्या बाजूला एक बाई मूल मांडीवर घेऊन होती. मी उठून म्हटले, थांबवा तिला. जमादार म्हणाले, हुकूम साहेबांचा लागतो आणि अंगठा व्हायचा आहे, बसा. मी ओट्यावर जाऊन ओरडले. तानबाने माझ्याकडे पाहिले आणि मान खाली घातली. मी परत येऊन बसले.

वर लिहिलेले सर्व मला वाचून दाखवले, ते माझ्या सांगण्याप्रमाणे आहे. वाचून होईपर्यंत मोटार सिंदीच्या रस्त्याला लागली, हेही बरोबर आहे.

निशाणी डाव्या हाताचा अंगठा, रुखमाबाई बेवा पुनाजी झाडे.