भीमाशंकरच्या नावाखालची ओळ

आयुब : अण्णा, टॉवेल खाली ठेवा. पुसू नका म्हणतो ना! सकाळपासनं सूत मारून, खडूनं एकेक अक्षर आखलंय. अकराला आमदारसाहेब यायलेत, अन् तुम्ही माझी निम्मी ओळच खाल्ली की.

शरणप्पा : खाल्ली न्हाय, पुसली. निम्मी अजून ऱ्हायलीय. सरक जरा.

आयुब : तुमच्याच वडलांचं नाव आहे ते.

शरणप्पा : नावाला हात लावला का म्या? बघ की, 'हुतात्मा भीमाशंकर' तसंच हाय. त्याच्याखालचं पुसायलोय. माझ्या बापाच्या नावाखाली लबाडी नको.

आयुब : आता नको? तीस वर्षं झाली, दर सतरा सप्टेंबरच्या मुक्तिदिनाआधी हुतात्म्यांच्या ह्या खांबावर मीच ही ओळ काढतोय. 'रझाकारांच्या हल्ल्यात वीरमरण.' पाऊस खातो, मी परत काढतो. तीस वर्षांत एकदा तरी टॉवेल काढला होता का खांद्यावरनं?

शरणप्पा : न्हाय काढला. त्याचं पाप माझं. पण यंदाची ओळ येगळी हाय. वाच मोठ्यानं.

आयुब : मी पेंटर आहे, अण्णा. काढतो. वाचत नाही.

शरणप्पा : वाच म्हणतो ना.

आयुब : 'मोमीन गल्लीत रझाकार व...' पुढचं तुम्ही पुसलंय, कसं वाचू?

शरणप्पा : पुढचं माझ्या ध्यानात हाय. 'रझाकार व त्यांच्या साथीदारांनी निर्घृण हत्या केली.' मोमीन गल्लीतला साथीदार म्हणजे कोण रं? तुझा आजा?

आयुब : मजकूर साहेबांच्या ऑफिसातनं आलाय. मोबाईलवर.

शरणप्पा : अन् तू काढलास. तुझ्याच आज्याला खुनी करणारी ओळ, तुझ्याच हातानं, सूत मारून.

आयुब : सूत मारावंच लागतं. वाकडी आली तर म्हणतील, आयुबनं मुद्दाम वाकडी काढली.

शरणप्पा : आयुब!

आयुब : असं बघू नका माझ्याकडं. गणपतीच्या मंडपात साहेब काय बोलले ते तुम्हीबी ऐकलं. 'ज्या गल्लीनं आपला भीमाशंकर खाल्ला, त्या गल्लीला विचारा.' दुसऱ्या दिवसापासनं झरीनच्या शिकवणीला पोरं येईनात. अकरा यायची. आता चार येतात. पोरगी म्हणती, अब्बा, मी तर गणित शिकवते. मग मी काय करू? नाही काढत म्हणू? माझ्या घरावर कुणाची नजर आहे, मला ठाऊक आहे.

शरणप्पा : तीनदा मत दिलं म्या त्या माणसाला. तीन निवडणुका, तीन झेंडे, तीन येगळे रंग. माणूस तोच, अन् गावची टाकीबी तीच, कोरडी. गेल्या उन्हाळ्यात बाया घागरी घेऊन त्याच्या गाडीला आडव्या गेल्या. काय म्हणला? 'माता-भगिनींनो, आधी आपला इतिहास समजून घ्या.' अरं, तहान लागल्यावर इतिहास पितात व्हय? जिल्हा उस्मानाबाद होता तवा आपल्या गावात डॉक्टर नव्हता. धाराशिव झाला, तरी न्हाय. पाटी तेवढी नवी झाली.

आयुब : पाटी मीच काढली. चांगली झालीय.

शरणप्पा : व्हय, पाटी झ्याक झालीय. डॉक्टर काढता येतो का बघ ब्रशानं.

आयुब : हळू बोला. तुमचा विरेश आला बघा गाडीवरनं.

विरेश : अप्पा, इथं काय करताय? पांढरा सदरा घालून बसा म्हटलं होतं घरी. हा हार आणलाय, आजोबांच्या नावाला तुम्हीच घालायचा. चाचा, ओळ झाली का... हे काय? हे कुणी पुसलं?

आयुब : पावसाचा शिंतोडा उडाला होता जरा.

विरेश : ऊन पडलंय, चाचा.

शरणप्पा : म्या पुसलं.

विरेश : अप्पा, तुम्हाला कळतंय का? जिल्हा परिषदेची यादी साहेबांच्या खिशात आहे. आज स्टेजवरून ते मला पुढं बोलावणार, 'हा हुतात्मा भीमाशंकर यांचा नातू' म्हणून. बारा वर्षं सतरंज्या उचलल्या मी. बारा वर्षं! साहेब मला अजून विकास म्हणतात. आज पहिल्यांदा ते माझं खरं नाव घेणार आहेत, ते ह्या ओळीमुळं.

शरणप्पा : म्हणजे मी न्हाय, तुझी आई न्हाय, तू केलेलं काम न्हाय. ही ओळ तुझा बाप झाली.

विरेश : तुम्ही उगाच शब्दाला शब्द लावू नका. ओळीत खोटं काय आहे?

शरणप्पा : सगळं.

आयुब : अण्णा, नक्को. पोराला नका सांगू. आजच्या दिवशी तर नकोच.

विरेश : काय सांगू नका? चाचा, तुम्हाला माहिती आहे आणि मला नाही, असं काय आहे आमच्या घरात?

शरणप्पा : बस पायरीवर. बस की. ऐक. निजाम शरण आला, गावात तिरंगा लागला. त्याच्या चौथ्या दिवशीची गोष्ट हाय. रझाकार कवाच पळाले होते. त्यांनी लई जुलूम केला, त्यात खोटं न्हाय. माझ्या चुलत्याची कडब्याची गंज त्यांनीच पेटवली, अन् माणूस आत होता. कुणी त्यांना चांगलं म्हणलं तर त्याच्याशीबी मी भांडंन. पण ज्यांनी केलं ते पळाले. मागं कोण ऱ्हायलं? मागावर बसून लुगडी विणणारे मोमीन. मग आपल्याच गावची माणसं कुऱ्हाडी घेऊन त्या गल्लीत शिरली. तुझा आजा आयुबच्या आज्याच्या दारात आडवा उभा ऱ्हायला.

विरेश : मग?

शरणप्पा : मग काय? हल म्हणले. हलला न्हाय.

विरेश : आपल्याच...? कोण होती ती माणसं?

शरणप्पा : सांजच्याला ज्यांनी त्याच्या समाधीचा खड्डा खणला, तीच. खड्ड्यात उतरून माती सारखी करताना एकजण लई रडला म्हणं.

(विरेश पायरीवर बसून राहतो. हातातला हार खाली टेकलाय, ते त्याच्या ध्यानात नाही. शरणप्पाला वाटतं, हा पोरगा सातवीत नापास झाला होता तेव्हा असाच बसला होता.)

विरेश : आजीनं हे कधी कुणाला सांगितलं नाही?

शरणप्पा : अव्वा तवा पोटुशी होती. मी पोटात. पुढं बहात्तर साली हा खांब बांधला. मास्तर यादी करायला घरी आले, इचारलं, कसे गेले? खड्डा खणणाऱ्यातले दोघं तिथंच बसलेले, पंच म्हणून. अव्वानं त्यांच्या तोंडाकडं बघितलं अन् म्हणली, 'रझाकारांनी मारलं.' दोघं मान खाली घालून उठले. ते दुष्काळाचं साल. पण पुढच्या वर्षी पाऊस पडला तवा त्या दोघांची औतं आधी आमच्या रानात आली. कुणी बोलावलं नव्हतं. अव्वानं भाकरी बांधून दिली त्यांना. लबाडी होती ती, पण बाईनं गावात ऱ्हायला केलेली. लेकराला जगवायला केलेली. ही तुझ्या साहेबाची लबाडी तसली न्हाय. ही घरं पेटवायला केलेली हाय.

विरेश : आणि तुम्हाला?

शरणप्पा : जाताना सांगितलं तिनं. नावंबी सांगितली. तुला पायजेत?

विरेश : ...नको. माझ्याबरोबर सतरंज्या उचलणारी पोरं त्याच घरांतली असतील.

शरणप्पा : म्हणूनच न्हाय सांगितलं तुला. तुझ्या शाळेच्या वाटेवर घरं होती ती.

आयुब : आता माझंबी ऐका दोघं. सगळे तुमच्याच घरचं बोलताय, पण राहायचंय मला त्या गल्लीत. जुनी ओळ काढतो. 'रझाकारांच्या हल्ल्यात वीरमरण.' साथीदार नको, मोमीन गल्ली नको. साहेबांना सांगू, जागा पुरली नाही. तेवढं केलं तरी माझं भागलं.

शरणप्पा : अन् माझं?

आयुब : तुमचं खरं आहे, पण तुमचं खरं मला महागात पडंल. उद्या तुम्ही लिहिलं, गावानंच मारलं, तर मारणाऱ्यांची नातवं चिडतील. तुमच्या दारात येणार नाहीत ती, अण्णा. माझ्या दारात येतील.

शरणप्पा : येऊ दे. तुझ्या दारात मी उभा ऱ्हाईन.

आयुब : नको.

शरणप्पा : का? म्हातारा झालो म्हणून?

आयुब : एकदा उभं राहिलंय तुमच्यातलं माणूस आमच्या दारात. मला अजून एक नको. माझी दादी उभा जन्म त्या उंबऱ्यावरनं नुसतं पाय टाकून गेली नाही, माहीत आहे? आधी वाकून हात लावायची, मग पाऊल. आम्ही लहानपणी हसायचो तिला. मला तसा उंबरा नको.

शरणप्पा : तुझी दादी फरिदाबी असं करायची?

आयुब : शेवटपर्यंत. कमरेत वाकता येईना, तवा काठी टेकवून.

विरेश : चाचा, तुमच्या दादीनं पाहिलं होतं? तेव्हा?

आयुब : पाहिलं नाही. ती आत होती, कडी तिच्या हातात. माझे अब्बा तिच्या कडेला, दोन वर्षांचे. ऐकलं तिनं.

विरेश : काय ऐकलं?

आयुब : तुमचे आजोबा म्हणाले, 'भाबी, कडी लावून घ्या. मी हाय हितं.' तेवढंच. मग तिनं कडी लावली. ती म्हणायची, लावायला नको होती. त्यांना आत ओढायला पाहिजे होतं. चाळीस वर्षं म्हणायची.

शरणप्पा : काय म्हणला माझा बाप?

आयुब : 'भाबी, कडी लावून घ्या. मी हाय हितं.'

शरणप्पा : हे तू कधी सांगितलं न्हाईस मला.

आयुब : तुम्ही कधी विचारलं नाही. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असंल. तुमच्या घरातली गोष्ट.

शरणप्पा : माझ्या घरात काय होतं रं? फोटो न्हाय. बापाची वहाण न्हाय. अव्वा त्याचं नाव घेत नव्हती, रिवाज म्हणून. सत्त्याहत्तरावं चालू हाय मला, अन् आजवर माझ्या बापाचा एक शबूद माझ्यापाशी नव्हता. तो तुझ्या घरी होता व्हय! शेजारच्या गल्लीत.

आयुब : चुकलं, अण्णा. डोळे पुसा. त्या टॉवेलनं नको, त्याला खडू लागलाय.

विरेश : चाचा, जागा किती आहे खाली?

आयुब : एक ओळ. लांब असली तर अक्षर बारीक करावं लागंल.

विरेश : बारीक नको. मोठंच काढा. 'मोमीन गल्लीत, फरिदाबीचं दार राखताना गेले.' बसतं का?

आयुब : बसतं. पण विरेश...

विरेश : ह्यात कुणाचं नाव नाही. कुणी मारलं ते नाही. ज्याला ठाऊक आहे तो मान खाली घालंल, ज्याला नाही तो विचारंल. आणि गल्लीवरचा डाग निघंल. झरीनताईच्या शिकवणीला माझी पोरगी उद्यापासून येईल. हे आधीच करायला पाहिजे होतं, ओळ नसली तरी.

आयुब : अन् तुझं तिकीट?

विरेश : साहेबांना वाचायची सवय नाही, चाचा. फीत कापतील, हात जोडतील, जातील. वाचलंच कुणी आणि सांगितलंच, तर नसेल तिकीट. नाहीतरी मला द्यायचं असतं तर बारा वर्षांत नाव तरी नीट घेतलं असतं.

शरणप्पा : विरू, रागाच्या भरात नको. विचार करून बोल. मी पुसलं ते माझ्यासाठी. तुझा घास मला काढून घ्यायचा नव्हता.

विरेश : अप्पा, मी स्टेजवर उभा राहून 'हुतात्म्याचा नातू' म्हणवून घ्यायला निघालो होतो. तेवढं तर खरंच आहे ना? मग खरं सांगूनच म्हणवून घेतो. चाचा, सुताचं एक टोक द्या इकडं. घट्ट धरू का?

आयुब : ताणून धर. हलू नको. ...थांब, तुझा फोन वाजतोय.

विरेश : वाजू द्या. ...साहेबांच्या ऑफिसातले आहेत, घ्यावा लागंल. हां, नमस्कार. उमरग्यातून निघाले का? बरं, बरं. हो, तयारी झालीय. ओळ काढतोय. ...मजकूर बदललाय थोडा. नाही, पेंटरची चूक नाही. पेंटरला काही म्हणू नका. मी बदललाय. ...मी म्हणजे विरेश. नाही, विकास नाही. विरेश. या तुम्ही, मी इथंच आहे.

आयुब : काय म्हणाले?

विरेश : रेंज नाही म्हणाले. मारा सूत.

आयुब : अण्णा, तुम्ही सावलीत बसा की. ओळ भरून व्हायला अर्धा तास लागंल.

शरणप्पा : बसतो. आयुब, एक इचारू का? तुझी दादी... त्याचा आवाज कसा होता, काही म्हणली का कधी?

आयुब : म्हणायची. बाहेर एवढा गलका होता, तरी हळू बोलले. घरात लेकरू निजलेलं असल्यावर बोलतात, तसं.