बंबवाल्या आजोबांच्या मरणाचा सराव

मी खाली सही करणारा, वय ७६ वर्षे, धंदा काही नाही (पूर्वी अग्निशमन दलात अधिकारी), राहणार पाण्याच्या टाकीसमोरची इमारत, तिसरा मजला. गल्लीत मला बंबवाले आजोबा म्हणतात. समक्ष विचारल्यावरून सांगतो की, मी जिवंत आहे.

घरी मी व पत्नी राहतो. मुलगा व मुलगी याच शहरात वेगळे राहतात. घर माझ्या एकट्याच्या नावावर आहे. गेल्या वर्षी छातीत दुखून मी दवाखान्यात होतो. परत आल्यावर मृत्युपत्र केले, दोन साक्षीदारांसमोर सही केली, नोंदणीही केली. पत्नी हयात असेपर्यंत घर तिचे, तिच्यामागे दोन्ही मुलांचे सारखे. मुलांना ते वाचून दाखवले आहे, त्यांची तक्रार नाही. पत्नीला सांगायला गेलो की ती कुकर लावायला उठते. या वर्षात आमच्याकडे कुकर फार वेळा लागला.

दलातला माझा जोडीदार काही न लिहून ठेवता गेला. पुतण्यांनी पुढे केलेल्या कागदावर त्याच्या बायकोने न वाचता सही केली. आज ती भाड्याच्या खोलीत राहते. ज्याने जन्मभर परक्यांची घरे आगीतून वाचवली, त्याच्या बायकोला स्वतःचा उंबरठा उरू नये, याला मी नशीब म्हणणार नाही. हा हलगर्जीपणा आहे, आणि तो शहाण्यासुरत्या घरांत प्रेमाच्या नावाखाली चालतो! माणसे सायकलीला कुलूप लावतात, पण जे नक्की घडणार आहे त्याचे नाव काढले की... येथे ठाणे अंमलदारांनी मुद्द्यावर यायला सांगितले. येतो.

दलात आम्ही आग लागायची वाट पाहत नसू, सराव करत असू. त्याच पद्धतीने काल रविवारी संध्याकाळी पाचच्या सुमारास मी हॉलमध्ये फरशीवर आडवा झालो व तोंडावर चादर घेतली. कामे आधीच वाटून दिली होती. मुलाने मृत्युपत्र शोधून वकिलांना कळवायचे. मुलीने बँकेचे कागद काढायचे. पत्नीने, कोणी सही मागितली तर, "मुलीने वाचल्याशिवाय मी सही करणार नाही," एवढेच म्हणायचे. सुरुवातीची शिट्टी मीच वाजवली.

मुलाला मृत्युपत्र सापडेना. ते कपाटावर माझ्या जुन्या हेल्मेटमध्ये होते. न राहवून मी चादरीखालून "हेल्मेट!" असे ओरडलो. मुलगी म्हणाली, "बाबा, मेलेली माणसं मध्ये बोलत नाहीत." यावर दोघेही हसत सुटले.

बाहेर पडायची वाट मोकळी हवी, म्हणून दार उघडे ठेवले होते. समोरचे दंतवैद्य वर्तमानपत्र मागायला आले. त्यांना दिसले ते एवढेच, की म्हातारा चादरीखाली पडलाय आणि पोरे खिदळत कपाटे उपसतायत. त्यांनी जिन्यातूनच ठाण्याला फोन केला. नाडी पाहिली नाही. त्यांचे म्हणणे, तोंड उघडे असते तर समजले असते. माझी त्यांच्याबद्दल तक्रार नाही. आपल्यासाठी कोणी पोलीस बोलावतो, हे पाहून बरे वाटले.

तिकडे मुलगा कागद घेऊन आईपुढे बसला व जोडीदाराच्या पुतण्यांसारखा आवाज काढून म्हणाला, "काकू, इथे जरा सही करा हो, नुसतं नावाला." पत्नी उठून आत गेली. मला वाटले, कुकर. ती उशी घेऊन आली. ती माझ्या डोक्याखाली सरकवली व पायांवर शाल टाकली. मी म्हणालो, "अगं, मी गेलोय!" ती म्हणाली, "असाल. पाय गार पडतात तुमचे." सराव तिथेच फसला. तेवढ्यात हवालदार आले व मी उठून बसलो. ते दोन पावले मागे सरकले हे खरे आहे. त्यांना पाणी पत्नीने दिले.

आज आम्हाला ठाण्यात बोलावले. पत्नीचा जबाब आधी झाला. हवालदारांनी कागद पुढे करून म्हटले, "आजी, इथे सही करा." पत्नीने पेन खाली ठेवले व ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मुलीने वाचल्याशिवाय मी सही करणार नाही." मुलगी कामावरून येईपर्यंत तासभर गेला. तेवढा वेळ ठाण्याचे काम अडले, याबद्दल दिलगीर आहे. मला मात्र आनंद झाला.

त्या तासात बाकावर पत्नी मला म्हणाली, "आता पुढच्या रविवारी मी आडवी होते. मी आधी गेले तर तुमच्या रात्रीच्या गोळ्या कुठल्या डब्यात असतात, सांगा बघू." मला सांगता आले नाही. ही शक्यता मी योजनेत धरली नव्हती. तिचे म्हणणे रास्त आहे, व सराव झाला पाहिजे हेही मला मान्य आहे. फक्त त्या दिवशी शिट्टी मी वाजवणार नाही, एवढे लिहून घ्यावे.

माझे श्रवणयंत्र घरी राहिल्याने हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. तो मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे. मुलीनेही वाचला. शिट्टीचे वाक्य खोडा, असे पत्नीचे म्हणणे पडले. खोडलेले नाही.