दाजींचा गोल्फ आणि आमचा बांध

गोल्फ तुम्ही टीव्हीवरच पाह्यला असंल, आम्ही हसनाबादच्या रानात खेळून बसलो! दिवाळीला आमच्या बहिणीचे मालक, पुण्याचे दाजी, काठ्यांची पिशवी घेऊन आल्ते. सोयाबीन काढल्यामुळं रान मोकळंच होतं. दाजींनी आधी नियम सांगितला, "बांध ही आपली हद्द. चेंडू बांधापलीकडं गेला की बाहेर. एका फटक्याचा दंड."

आमच्या दादानं पहिलाच चेंडू असा हाणला, की तो बराबर बांधापल्याड, चुलतभाऊ भगवानच्या रानात. त्या बांधापायी दोघांचं बोलणं कधीचंच बंद. अन् भगवान तिथंच उभा राहून पाहून राह्यला होता.

दाजी म्हणाले, "बाहेर! दंड."

"बिलकुल न्हाई," दादा तापला. "बांध ह्यानं सरकवला. चेंडू पडला ती जमीन माझी हाय."

"अहो, साधा खेळ आहे."

"आज खेळात कबूल केलं, तर उद्या मोजणीत काय बोलू?"

हे ऐकून भगवान चेंडू उचलून तरातरा बांधावर आला. दाजींच्या हातची काठी घेऊन त्यानं तोच चेंडू परत आमच्या रानात हाणला अन् म्हणाला, "हे घ्या! हा बी बाहेर न्हाई. इथून दहा फूट माझंच हाय!"

दाजींनी कपाळाला हात लावला. "मग खरी हद्द कुठंय? एकदा नीट मोजून टाकू का?"

तसे इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दोघं भाऊ एका सुरात बोलले,

"दाजी, तुम्ही मधी पडू नका. हे आमचं घरातलं हाय!"