दोन किलो ले-लेंग्थ

मले सांगा, पीळ कधी किलोवर भेटते का? आमच्या वायर फॅक्टरीत तांब्याच्या बारीक तारा एकमेकींत पिळतात. एक पीळ पुरा व्हायले जेवढी लांबी लागते, तिले ले-लेंग्थ म्हणतात. मी मस्करीत स्टोअरच्या दुबेभैयाले चिठ्ठी दिली, "दोन किलो ले-लेंग्थ मागवा."

हे काय असते, विचाराची त्याले लाज वाटली. ऑर्डर सीधी बूढ़ापारा मोहल्ल्यातल्या सप्लायरले गेली!

दुसऱ्या दिवशी मालकानं बोलावलं. समोर माझ्या सहीची चिठ्ठी. म्हटलं, गेली नोकरी.

मालक म्हणाले, "काका, सप्लायर बोल रहा है, माल तैयार है. दो किलो में हो जाएगा ना?"

मी घाम पुसला. "साहेब, पहले सँपल मंगवा लो."